न मोजलेले पान

वेणीमाधव गुंडोपंत कासेगावकर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार जुळे सोलापूर, तहसील कचेरीतून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त, यांनी पत्त्यांचा कॅट पहिल्यांदा हातात धरला तो औषध म्हणून. त्याआधीच्या सत्तर वर्षांत त्यांची आणि पत्त्यांची ओळख लांबूनच होती. दिवाळीच्या सुटीत वैरागला मामांकडे सारी मुले झब्बू खेळत तेव्हा ते भिंतीला टेकून पुस्तक वाचत, आणि आपण त्या गोंगाटात बसलो नाही याचा त्यांना पुढे कित्येक वर्षे अभिमान वाटत असे. परंतु नवरात्राच्या आदल्या आठवड्यात, नळाला पाणी येण्याच्या दिवशी, भरलेली बादली उचलून न्हाणीघरातून बाहेर येताना त्यांचा पाय घसरला, डावे मनगट मोडले, आणि सहा आठवड्यांनी प्लास्टर कापले तेव्हा आतून जो हात निघाला तो त्यांना नीटसा ओळखू आला नाही. तो पांढरट आणि बारीक झाला होता, आणि करंगळी, अनामिका व त्यांच्याखालचा तळव्याचा काठ एवढा भाग बधिर होता. तो दुखत नव्हता. टाचणी टोचली तरी तिथून काहीच वर पोचत नव्हते.

व्यायाम शिकवणाऱ्या वैदेही नावाच्या मुलीने त्यांच्या हातात एक पिवळा रबरी चेंडू ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, दिवसातून शंभर वेळा दाबायचा."

वेणीमाधवरावांना चेंडू आवडला नाही आणि आजोबा म्हटलेलेही आवडले नाही. त्यांनी दुसरे काही चालेल का असे विचारले.

"काहीही चालेल. बोटं हलली पाहिजेत. पत्ते पिसा हवं तर."

तिने ते सहज म्हटले होते. त्यांनी मात्र परतताना नवी पेठेत रिक्षा थांबवून कागदी खोक्यातला एक कॅट विकत घेतला, आणि घरी येऊन त्याला वर्तमानपत्राचे वेष्टन घातले, कारण देवघर असलेल्या घरात त्या खोक्यावरची राणी उघडी दिसणे त्यांना प्रशस्त वाटेना.

"आता जुगार का?" प्रभाताईंनी भाजी निवडताना मान वर न करता विचारले.

"हस्तव्यायाम आहे."

"मग त्याला कागद कशाला गुंडाळलाय?"

प्रभाताईंनी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवले होते, आणि त्यांच्या नजरेतून काहीही सुटत नसे. मधल्या सुटीनंतर वर्गात एक मूल कमी असले तर हजेरीपट न उघडता त्यांना ते कळे. वेणीमाधवरावांनी सदऱ्याचे बटण एक घर चुकवले, चष्मा एका बाजूला कललेला ठेवला, पत्रात कुठे वेलांटी ऱ्हस्वाऐवजी दीर्घ दिली, की चव्वेचाळीस वर्षांत एकदाही न चुकता त्यांनी ते दाखवून दिले होते. त्यात रागाचा अंश नसे. तांदळातला खडा बाजूला काढावा इतक्या सहजतेने त्या ते करीत, आणि वेणीमाधवरावांना त्या सहजतेचाच राग येई.

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावरून हाताची कामे शिकता येत नाहीत हे वेणीमाधवरावांनी दोन दिवसांत मान्य केले आणि मोबाईलवर शोध घेतला. तेथे त्यांना धुळाप्पा भेटला. टेंभुर्णीचा हा पन्नाशीचा माणूस उसाचा ट्रक चालवीत असे, आणि कारखान्याच्या अड्ड्यावर गाडी रिकामी व्हायला कधी कधी दीड दिवस लागे म्हणून स्टिअरिंगवर टॉवेल टाकून त्यावर पत्त्यांची जादू शिकवीत असे. चित्रफितीत त्याचे फक्त हात दिसत. जाड बोटे, फुटलेली नखे, आणि त्या बोटांतून पत्ते मात्र असे वाहत की जणू ओल्या कापडावरून पाणी ओघळत आहे.

"नमस्कार मंडळी. म्होरं दीडशे गाड्या हायती, तवर आपुन पत्ते बघू. कॅट डाव्या हातात असा धरायचा, चिमणी धरल्यावानी. घट्ट धरली तर मरंल, सैल धरली तर उडंल. लई सोपं हाय बघा."

वेणीमाधवराव त्याची वाक्ये मनातल्या मनात शुद्ध करून घेत आणि मग ती पाळत. पहिल्या पंधरवड्यात त्यांना कॅट धरताही येत नव्हता. बधिर बोटांच्या बाजूने पत्ते निसटत आणि निसटल्याचे त्यांना फरशीवरचा आवाज ऐकू आल्यावरच कळे. एकदा सगळा कॅट पसरला. प्रभाताईंनी पत्ते गोळा केले, काठ जुळवले, आणि न मोजता म्हणाल्या, "एकावन्न आहेत. एक दिवाणाखाली गेलंय."

दिवाणाखाली चौकटची सत्ती होती.

हळूहळू पिसणे जमले, काटणे जमले, वरचे पान वरच ठेवून खालचे पिसणे जमले. मग त्यांनी ती चित्रफीत पाहिली. धुळाप्पाने चार राजे एकावर एक धरले, एकेक पान उजव्या हातात सरकवीत मोजले, आणि ते तीनच भरले. पुन्हा मोजले, पुन्हा तीन. मग टॉवेलवर ठेवले तर चार.

"चौथं पान कुटं गेलं?" तो म्हणाला. "कुटंच न्हाय गेलं. शेवटची दोन पानं एकमेकांला चिटकून एकच म्हनून दावली, एवढंच. पान लपवायचं न्हाय, मंडळी. लपवलं की मानूस हुडकतंय. त्ये असतंय तितंच ऱ्हाऊ द्यायचं. फकस्त त्येला आकडा द्यायचा न्हाय. ज्येला आकडा न्हाय त्ये दिसत न्हाय."

हे शेवटचे वाक्य वेणीमाधवरावांनी शुद्ध केले नाही.

शेवटच्या दोन पानांचे काठ तंतोतंत जुळवण्याचे काम डाव्या करंगळीचे आणि अनामिकेचे होते, म्हणजे नेमक्या बधिर बोटांचे. महिनाभर ते रोज सकाळी दोन तास बसले. मग त्यांनी शेजारच्या शिवलिंगप्पांना बोलावून चार राजे तीन करून दाखवले. शिवलिंगप्पा एसटीत कंडक्टर होते.

"तीनच आहेत," शिवलिंगप्पा म्हणाले.

"नक्की?"

"तीस वर्षं माणसं मोजलो मी, ओ साहेब. अक्कलकोट गाडीत टपावरची पण मोजलो. तीनच." मग चौथा राजा खाली ठेवलेला पाहून त्यांनी डोळे बारीक केले. "कचेरीत असताना फायली अशाच गायब करत होता काय ओ तुम्ही?"

वेणीमाधवरावांना बरे वाटले. परंतु स्वयंपाकघराच्या दारात प्रभाताई हात पुसत उभ्या होत्या.

"चार होते," त्या म्हणाल्या. "शेवटचं पान जड वाजलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज घालवला. प्रभाताई म्हणाल्या, "चार. शेवटच्या पानाला तुम्ही श्वास धरलात." तिसऱ्या दिवशी त्यांनी श्वास सोडत मोजले. "चार. अहो, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खरं मोजणारा माणूस पानांकडे बघतो." त्या हसत नव्हत्या, चिडवीतही नव्हत्या. वही तपासत होत्या.

मार्गशीर्ष सरला. रोज एकदा ते चार राजे घेऊन त्यांच्यासमोर बसत आणि रोज त्या चार म्हणत. एकदाच, फक्त एकदाच, या बाईच्या नजरेतून आपले काहीतरी सुटावे, एवढेच आता वेणीमाधवरावांना हवे होते. आयुष्यात याहून मोठ्या गोष्टी त्यांना हव्याशा वाटल्या असतील, पण इतकी सलग कोणतीच वाटली नव्हती.

गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास ते घडले. प्रभाताई तिळाचा डबा पुसत होत्या. वेणीमाधवरावांचे लक्ष खरे तर खिडकीबाहेर गेले होते, आणि हातांनी आपले आपण मोजले. एक, दोन, तीन. करंगळीने काठ केव्हा जुळवला हे त्यांना कळले नाही, कारण करंगळीतले त्यांना काहीच कळत नसे.

प्रभाताईंनी पाहिले. नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ पाहिले.

"तीन," त्या म्हणाल्या.

"पुन्हा बघ."

वेणीमाधवरावांनी पुन्हा मोजले. "तीन," प्रभाताई म्हणाल्या आणि डब्याचे झाकण लावू लागल्या.

वेणीमाधवराव उठून गॅलरीत गेले. आनंद येईल म्हणून ते काही वेळ थांबले. खाली एक माणूस हातगाडीवर हुरड्याची कणसे लावून ठेवत होता. तो अर्धी गाडी लावून होईपर्यंत ते उभे राहिले, आणि मग आत आले.

त्यांच्या घरात जेवणाच्या ताटाला पान म्हणत, जशी अजून पुष्कळ घरांत पद्धत आहे. साडेबाराला प्रभाताई आतून "पानं घेतली" असे म्हणत आणि वेणीमाधवराव हात धुऊन येत. त्या दिवशी हाक आली नाही. ते आत गेले तेव्हा प्रभाताई जेवत होत्या. त्यांच्यासमोर एक पान होते. ओट्यावर भाकऱ्यांची चवड नेहमीएवढीच होती, शेंगाचटणीची वाटी होती, पाण्याचा तांब्या होता, आणि त्यांची नेहमीची जागा पुसून कोरडी केलेली होती.

"मला हाक नाही मारलीस?"

प्रभाताईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आले ते आश्चर्य नव्हते. वर्गाच्या दारात कोणी अचानक येऊन उभे राहिले की शिक्षक ज्या तयारीने पाहतो, तशी ती नजर होती. मग ती निवळली. "अगं बाई. घ्या ना, आहे सगळं," त्या म्हणाल्या. वेणीमाधवरावांनी आपले ताट आपण घेतले.

चूक कोणाच्याही हातून होऊ शकते असे त्यांनी मनाशी नोंदवले. परंतु प्रभाताईंच्या हातून ती होत नसे, आणि आता रोज होऊ लागली. ते वाचत बसलेले असताना त्या खोलीत येत, पंखा बंद करून जात. पाण्याच्या दिवशी त्या एकाच माणसाच्या बादल्या भरून ठेवीत. त्यांचा सदरा दोरीवर चार दिवस तसाच राहिला, आणि पाचव्या दिवशी प्रभाताईंनी तो घडी करून शेजारी नेऊन दिला. "तुमचा उडून आला वाटतं आमच्याकडं." शिवलिंगप्पांनी तो परत आणला आणि दारातच विचारले, "काय ओ, वहिनींनी हाकललं का काय तुम्हाला?" वेणीमाधवरावांनी सदरा घेतला आणि आभार मानले.

ते बोलले की प्रभाताई उत्तर देत. ते अगदी व्यवस्थित, सौजन्याने आणि क्षणभर उशिरा येई. फेब्रुवारी लागला तेव्हा वेणीमाधवरावांच्या लक्षात आले की प्रभाताईंच्या बोलण्यातले "अहो" गेले आहे. काही दिवसांनी "तुम्ही" गेले आणि त्या जागी "आपण" आले. "आपण बसा ना." व्याकरणदृष्ट्या त्यात काहीही चूक नव्हती.

पुण्याहून सुबोधचा फोन आला. तो त्यांचा एकुलता मुलगा.

"बाबा, भांडलात का तुम्ही दोघं?"

"नाही."

"मी आईला विचारलं, बाबा कसे आहेत. तर म्हणाली, असतील की बरे."

"मग बरोबरच आहे. मी बरा आहे."

"बाबा, बोलण्याची तऱ्हा ऐकायला हवी होती तुम्ही. कुणाबद्दल तरी बोलावं तसं."

"ती कामात असेल," वेणीमाधवराव म्हणाले.

सुबोध रजा घेऊन आला, आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. प्रभाताई थेट दोनपर्यंत आल्या आणि पुढे जाऊ का असे त्यांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, इतकी स्वच्छ स्मरणशक्ती मी या वयात क्वचित पाहिली आहे. सुबोध दोन दिवस राहिला, आणि जाताना जिन्यात वडिलांना म्हणाला, "तुम्ही जरा तिच्याशी बोलत जा, बाबा." त्या दोन दिवसांत घरात दोन पाने मांडली गेली होती, एक सुबोधचे.

त्या दुपारी वेणीमाधवरावांनी चारही राजे काढले आणि प्रभाताईंच्या पुढ्यात टीपॉयवर शेजारी शेजारी उघडे ठेवले. त्यात हातचलाखी नव्हती. दोन पानांमध्ये बोट मावेल एवढी जागा होती.

"किती आहेत?"

"तीन," प्रभाताई म्हणाल्या.

"बोट ठेवून मोज."

त्यांनी बोट ठेवले. बदाम राजावर, एक. चौकट राजावर, दोन. किलवर राजावर, तीन. मग ते बोट इस्पिकच्या राजावरून, त्याला स्पर्श न करता, टीपॉयच्या कडेपर्यंत गेले आणि तिथली थोडी धूळ पुसून परत आले.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारले. चुकलेल्या मुलाला विचारण्याचा तो आवाज नव्हता. पाहुण्याला विचारण्याचा होता.

त्या दिवसापासून वेणीमाधवराव पुन्हा सकाळी दोन तास बसू लागले, पण आता चुकण्यासाठी. प्रभाताईंनी चार म्हणावे, पान जड वाजले म्हणावे, बटण चुकले म्हणावे, एवढेच त्यांना हवे होते. ते शेवटची दोन पाने मुद्दाम विस्कटून धरू पाहत. उजवा हात ऐके. डावी करंगळी ऐकत नसे. ते डोळ्यांनी पाहत असत की ती हळूच येते आणि काठ आत लोटते. पण तिला थांबवावे कुठून हे त्यांना सापडत नसे, कारण तिथे धरायला काहीच जाणवत नव्हते. एक, दोन, तीन. आरशासमोर बसून पाहिले तर त्यांना स्वतःलाही तीनच दिसत. वैदेहीने तपासले तेव्हा तिला आनंद झाला. "हालचाल एकदम छान आली की. संवेदना?" ते म्हणाले, नाही. तिने मनगटापर्यंत टाचणी टोचून पाहिली, मग कोपरापर्यंत, आणि तिच्या वहीत काही लिहिले.

चित्रफितींच्या खाली धुळाप्पाचा नंबर दिलेला असे. असल्या माणसाला फोन करणे वेणीमाधवरावांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी तीन दिवस विचार केला, काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले, आणि फोन लावला. पलीकडे इंजिनांची घरघर होती.

"बोला सर."

"आपण शिकवलेली मोजणी मला आली आहे. ती विसरावयाची असल्यास काय करावे?"

"इसरायची?" धुळाप्पा हसला. "लोकं शिकायला फोन करत्यात. कशापायी इसरताय?"

"प्रेक्षकाला आता चौथे पान दिसत नाही. पाने उघडी ठेवली तरी दिसत नाही."

"कोन हाय प्रेक्षक?"

हा प्रश्न वेणीमाधवरावांच्या कागदावर नव्हता. "घरातलेच आहे."

"वैनी?"

"होय."

पलीकडे कोणीतरी कोणाला शिवी दिली, कोणी हॉर्न वाजवला. धुळाप्पाचा आवाज जरा जवळ आला. "न्हाय सर, बायकू फसत न्हाय. माजी येक डाव फसली न्हाय. आवो, रोज बघती की ती आपल्याला. पान बघत न्हाय, आपल्याला बघती. तिला फसवायचं म्हंजी तिची बघायचीच सवय मोडाया पायजे."

"ती फसली आहे."

"किती दिस झालं?"

"संक्रांतीपासून."

धुळाप्पाने गाडीची काच वर केली. मग म्हणाला, "तुमी सोता मोजताना किती मोजता, सर? चार का तीन?"

वेणीमाधवरावांनी तोंड उघडले. उत्तर सोपे होते, आणि ते त्यांना लगेच आठवेना.

"गाड्यांची लाइन हालली," धुळाप्पा म्हणाला. "ठिवतो."

त्यानंतर त्यांनी पुन्हा फोन केला नाही. एक-दोनदा त्यांनी प्रभाताईंसमोर उभे राहून लग्नाचा फोटो दाखवला. प्रभाताईंनी तो कौतुकाने पाहिला, नवरदेव सोडून त्यातल्या प्रत्येकाचे नाव सांगितले, मधली आपण असेही सांगितले, आणि फोटोची काच पदराने पुसून तो परत दिला. वेणीमाधवरावांनी तो भिंतीवर होता तिथे लावला. राग यावा, रडू यावे, निदान भीती वाटावी, अशी ही वेळ आहे हे त्यांना समजत होते. गणिताचे उत्तर समजावे तसे समजत होते.

वैशाखात ऊन असे झाले की सकाळी नऊनंतर रस्त्यावर माणूस दिसेना. अशा एका सकाळी दारावर थाप पडली. वेणीमाधवराव बैठकीत वर्तमानपत्र वाचत होते. ते उठण्याआधीच प्रभाताईंनी दार उघडले. दारात एक तरुण शिक्षिका होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, गळ्यात ओळखपत्र, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्यात पाण्याची बाटली.

"मॅडम, जनगणनेसाठी आले आहे. मी संस्कृती. दोनच मिनिटं घेते."

"आत ये. पाणी देऊ का? शाळा कुठली तुझी?" प्रभाताईंनी विचारले, आणि शाळेचे नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "मीही त्यातलीच. विचार, विचार."

मुलगी उंबऱ्यातच टेकून उभी राहिली. भिंती कशाच्या, छत कशाचे, पाणी कुठून येते, याची उत्तरे प्रभाताईंनी नेमकी दिली. मग मुलीने विचारले, "कुटुंबप्रमुख?"

"मीच."

"घरात राहणारी माणसं किती, मॅडम?"

"एक," प्रभाताई म्हणाल्या.

मुलीचे बोट मोबाईलवर टेकता टेकता थांबले. तिने प्रभाताईंच्या खांद्यावरून आत पाहिले. खुर्चीत बनियन आणि लेंगा घातलेला, चष्मा लावलेला, मांडीवर वर्तमानपत्र पसरलेला एक वृद्ध माणूस बसला होता.

"आणि हे?" तिने विचारले.

प्रभाताई वळल्या. त्यांनी वेणीमाधवरावांकडे पाहिले, अगदी नीट पाहिले, जसे कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते, केसांपासून पायांपर्यंत. चव्वेचाळीस वर्षांत, माहेरी, सासरी, शाळेत, दवाखान्यात, कोणाशीही बोलताना त्यांनी नवऱ्याचे नाव कधी घेतले नव्हते. हे आले, हे गेले, ह्यांना विचारते, असेच त्या म्हणत आल्या होत्या.

"ते ना," त्या म्हणाल्या. "ते निघालेच आहेत."

मुलगी गोंधळली. ती वेणीमाधवरावांकडे पाहत राहिली, त्यांनी काहीतरी सांगावे म्हणून. सांगायला एक वाक्य पुरेसे होते आणि त्याला वेळही होता. वेणीमाधवरावांनी स्वतः दोन जनगणनांचे काम केले होते, दुसऱ्या वेळी तर तालुक्यातल्या शिक्षकांना त्यांनीच सभागृहात उभे राहून शिकवले होते, की माहिती देणारा जे सांगेल ते आणि तेवढेच लिहावे, प्रगणकाने त्यात आपले अनुमान मिसळू नये. तो नियम त्यांना शब्दशः आठवला. स्वतःबद्दलचे जे एक वाक्य म्हणायचे होते ते त्यांनी शोधले. ते जिथे असायला हवे होते तिथे, छातीच्या डाव्या बाजूला, काहीच जाणवत नव्हते.

"एकच लिहा," ते म्हणाले. "माहिती देणारा सांगेल तेच लिहायचे असते."

मुलीने एक लिहिला.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती टीपॉयवर काठाला काठ जुळवून ठेवली, आत जाऊन सदरा चढवला आणि चपला पायात सरकवल्या. मुलगी आधीच जिना उतरू लागली होती. प्रभाताईंनी त्यांच्यासाठी दार धरून ठेवले होते. त्यांच्या सदऱ्याचे वरचे बटण खालच्या काजात गेले होते, आणि ते प्रभाताईंच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर होते. वेणीमाधवराव तिथे थोडा वेळ उभे राहिले.

"या हं परत," प्रभाताई म्हणाल्या.

ते सायंकाळी परत आले. त्यानंतर बदल झाला तो एवढाच, की वेणीमाधवराव आता दारावर थाप मारून घरात येतात, मागच्या खोलीत निजायला जाण्याआधी परवानगी विचारतात, आणि प्रभाताईंनी पाहुण्यांच्या कपबशीतून चहा आणून ठेवला की "कशाला त्रास घेतलात" असे म्हणून तो घेतात.